चौथं स्टूल

साहेबांनी सात नकाशे माझ्या टेबलावर एकावर एक ठेवले आणि भिंग माझ्या हातात दिलं. "बघा," एवढंच म्हणाले.

मी बघितलं. सात गावांचे सात नकाशे, सात वेगवेगळ्या माणसांनी काढलेले. प्रत्येकात एका रेघेला बारीक लाट आली होती. नुसत्या डोळ्यांना दिसली नसती. बांधाची रेघ सरळ जाता जाता तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरात थरथरली होती आणि पुन्हा काही झालंच नाही अशी सरळ झाली होती.

"हे शनिवारचे," साहेब म्हणाले. "त्याआधीच्या दिवसांचे पण काढून बघितले. रोज एकदा. कोणीतरी टेबल हलवतंय. शुक्रवारपर्यंत नाव लिहून द्या. तो माणूस मी इथे ठेवणार नाही."

त्या दिवशी सोमवार होता. चैत्र संपत आला होता आणि धुळ्याचं ऊन किती असतं ते ज्याने सोसलंय त्याला सांगायची गरज नाही.

मी तेव्हा एका सरकारी नकाशा ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन होतो. ऑफिसचं नाव सांगत नाही, त्या इमारतीत आता दुसरीच माणसं बसतात. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती, जिल्ह्याला अजून पश्चिम खानदेश म्हणत. गावोगाव शेतजमिनींचे तुकडे एकत्र करायचं काम निघालं होतं. त्यासाठी जुने फाटके गावनकाशे नव्याने उतरवून हवे होते. आमच्याकडे साक्रीच्या बाजूची गावं आली होती, डोंगराळ, आडवीतिडवी शिवारं. मे अखेर काम संपवायचं होतं.

नकाशा उतरवणाऱ्याला ट्रेसर म्हणतात. जुन्या नकाशावर ट्रेसिंग क्लॉथ नावाचं निळसर, पारदर्शक, खळ दिलेलं कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ वर शाईने गिरवायची. सांगायला सोपं आहे. पण त्या कापडाला पाण्याचा थेंब चालत नाही, खळ विरघळते आणि शाई फुटते. घामाचा पण थेंब चालत नाही. वाऱ्याने कापड फुगतं, म्हणून पंखा बंद. धूळ बसते, म्हणून खिडक्या निम्म्या लावलेल्या. रेघ चुकली तर ब्लेडने खरडायची, आणि खरडलेली जागा जन्मभर दिसते. बांधाची रेघ केसभर सरकली तर गावात दोन भाऊ एकमेकांची डोकी फोडतात. त्यामुळे आमच्या धंद्यात एकच गुण मोठा मानत, तो म्हणजे न हलणं.

आणि आमच्याकडे टेबल एकच होतं. नवापूरकडच्या सागाच्या जाड फळ्या जोडून केलेलं, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्याला आठ जण एका बाजूला ओळीने, उंच स्टुलांवर बसत. खाली पाय टेकायला एक आडवी लाकडी पट्टी होती, तीही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. एकाने स्टूल सरकवलं की आठांची रेघ हलायची. मी हेड झालो तेव्हा रोज यावरून भांडणं व्हायची.

म्हणून मी नियम केला. ज्याला उठायचं असेल त्याने डावा हात वर करायचा. मी "कलम वर" म्हणायचं. आठही जणांनी पेन कापडावरून उचलायची, मग त्याने उठायचं. परत आला की पुन्हा हात, पुन्हा "कलम वर", मग बसायचं. दीड वाजता डब्यासाठी आणि साडेपाचला घरी जाताना सगळ्यांसाठी एकदम. भांडणं मिटली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मला त्या नियमाचा फार अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो.

त्याचा परिणाम असा झाला की हळूहळू हात वर होणंच थांबलं. एकाने उठायचं म्हणजे सात जणांचं काम दोनदा अडवायचं. मग कुजबुज, मग टोमणे. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात दोनदा उठायचा, तिसऱ्या आठवड्यात एकदाही नाही. उठायला लागू नये म्हणून लोक सकाळपासून पाणी पिणं टाळायचे. उन्हाळ्यात, धुळ्यात. मी हे बघत होतो आणि याला शिस्त म्हणत होतो.

ऑफिसात दिवसभर चालणारा एकच माणूस होता, आमचा शिपाई आबा. साक्रीच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा, निवृत्तीला आलेला, पण पाय हरणासारखे. तो माझ्या टेबलाशी आला, नकाशांकडे न बघताच म्हणाला, "भाऊसाहेब, तो हात वर करीसन बठेल शे. तुमी हा म्हना, तो उठी जाई."

हात वर करून बसलेला तो कोण, असं मी विचारलं नाही. चौथं स्टूल रिकामं होतं. मी आबाला कामाला लाग म्हणून झिडकारलं.

चौथ्या स्टुलावर रघुनाथराव बसायचे. जळगावच्या सोनाराच्या घरातले. दागिने घडवायचे सोडून रेघा ओढायला आले, पण हात सोनाराचाच राहिला. तसा ट्रेसर मी पुन्हा पाहिला नाही. सकाळी बसले की दीडपर्यंत आणि दोनला बसले की साडेपाचपर्यंत, पापणी हलेल तेवढीच. नवीन माणसाला मी म्हणायचो, रघुनाथरावांकडे बघा, असं बसायचं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी तीनच्या सुमाराला त्यांचा डावा हात वर झाला. मी पाहिला. तिघे जण लांब ओढ्याच्या रेघेत होते, ती मध्येच तोडली की जोड दिसतो. मी त्यांना नजरेने थांबा म्हटलं. ते थांबले. हात खाली घेतला नाही, तसाच धरून ठेवला आणि उजव्या हाताने काम चालू ठेवलं. मग साहेबांनी मला आत बोलावलं. परत आलो तेव्हा चार वाजत आले होते आणि हात तसाच वर होता. मी "कलम वर" म्हटलं. रघुनाथराव उठले, माझ्याकडे बघून जरासे हसले, एक पाऊल टाकलं आणि खाली पडले. पाणी आणेपर्यंत संपलं होतं. हृदय बंद पडलं, असं लिहून आलं. वय बेचाळीस.

त्यांची पेनांची पेटी मी स्वतः चाळीसगावला गाडी बदलून जळगावला पोचवली. त्यांच्या थोरल्या भावाने विचारलं, कसं झालं. मी म्हणालो, अचानक झालं. हाताचं सांगितलं नाही. परतीच्या गाडीत मला बसवेना, चाळीसगावपर्यंत दारात उभा राहून आलो.

तेव्हापासून चौथ्या स्टुलावर कोणी बसेना आणि मीही कोणाला बसवलं नाही. आणखी एक गोष्ट बंद झाली. दिवाळीनंतर त्या टेबलावर एकदाही कोणाचा हात वर झाला नाही. तीन वाजता हात वर केला तर रघुनाथरावांच्या मागे जावं लागतं, अशी समजूत पसरली होती. मला ती ठाऊक होती, आणि हात वर होत नाहीत म्हणून काम झपाझप होत होतं, हेही मी बघत होतो.

मंगळवारी मी शोधायला सुरुवात केली. प्रत्येकाला सांगितलं, दर पाव तासाला मी टिचकी वाजवीन, तेव्हा जिथे पेन असेल तिथे समासात पेन्सिलीची बारीक खूण करा. संध्याकाळी सात कापडं भिंगाखाली घेतली. सातांमधली लाट तीन आणि सव्वातीनच्या खुणांच्या मध्ये होती.

मग लाटांची उंची मोजली. पहिल्याच्या आणि आठव्याच्या नकाशात लाट जेमतेम दिसत होती. दुसऱ्या-सातव्यात थोडी जास्त. तिसऱ्या आणि पाचव्यात सगळ्यांत मोठी. विहिरीत दगड टाकला तर लाट दगडापाशी मोठी असते. दगड चौथ्या जागी पडत होता. तिथे माणूसच नव्हता.

मी भिंग खाली ठेवलं. खोलीत मी एकटाच होतो आणि बाहेर लख्ख उजेड होता, तरी मला त्या स्टुलाकडे पाठ करून दाराकडे जाता येईना. तिरका चालत बाहेर आलो. ऑफिसच्या हेडने असं चालावं याची मला लाज वाटली.

बुधवारी काळ्या शाईची एक बाटली झाकण काढून चौथ्या जागेसमोर टेबलावर ठेवली आणि माझ्या खुर्चीतून तिच्यावर नजर लावून बसलो. सातही माणसं पुतळ्यासारखी. पेनांचा कापडावर होणारा बारीक खरखर आवाज तेवढा येत होता. अडीच झाले, पावणेतीन झाले. शाई आरशासारखी स्थिर, तिच्यात निम्म्या खिडकीचा चौकोन दिसत होता. तीन वाजून गेले आणि तो चौकोन मोडला. शाईवर बारीक वर्तुळं उठली, एकात एक. सातांपैकी एकाचाही खांदा, कोपर, मान हललेली नव्हती. मी शपथेवर सांगतो. वर्तुळं दोनेक मिनिटं उठत राहिली आणि थांबली.

सगळ्यांना कळलं होतं. कोणी वर बघितलं नाही. पाचव्या जागेवरच्या माणसाच्या ओठांची हालचाल दिसत होती, तो रामरक्षा म्हणत असावा.

आबा दारात उभा होता. मी बाहेर गेलो तेव्हा म्हणाला, "मी रोज देखस, भाऊसाहेब." या वेळी मी त्याला झिडकारलं नाही.

गुरुवारी डबा झाल्यावर मी एका दुसऱ्या गावाचा नकाशा घेतला आणि चौथ्या स्टुलावर जाऊन बसलो. कशासाठी ते त्या वेळी मलाही नीट सांगता आलं नसतं. शुक्रवारी नाव द्यायचं होतं आणि देण्यासारखं एकच नाव होतं, तेही मेलेल्याचं. निदान तिथे बसून तरी बघू, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, मला भीती वाटते हे त्या सातांना दिसू नये, असंही होतं.

हेड झाल्यापासून सहा वर्षं मी त्या टेबलाला बसलो नव्हतो. माझी खुर्ची वेगळी होती, मी हवा तेव्हा उठायचो. पहिला अर्धा तास काही वाटलं नाही. मग मांडीखाली स्टुलाची कड रुतायला लागली. पोटऱ्या जड झाल्या. मग मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या आणि गुडघ्याखाली काही आहे की नाही ते समजेना. घसा कोरडा पडला. हात वर करावा असं वाटलं, आणि "कलम वर" म्हणायला समोर कोणी नाही हे लक्षात आलं. त्या खुर्चीवर मीच बसायचो. रघुनाथरावांना इथून ती रिकामी खुर्चीच दिसत राहिली असणार, तासभर, हात वर करून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि कापडावर पडू नये म्हणून मी मान मागे घेतली.

त्याच वेळी टेबलाखाली माझ्या पायाला काहीतरी लागलं.

थंड होतं. वैशाखाच्या तोंडावर, जिथे टेबलाचं लाकूडसुद्धा तापलेलं असतं तिथे, माठाच्या बुडासारखं थंड. ते माझ्या पोटरीला टेकून थरथरत होतं. समोरच्या शाईत वर्तुळं उठायला लागली होती.

मी पेन ठेवलं आणि खाली वाकून बघितलं.

आडव्या पट्टीवर एक पाय होता. अनवाणी, सुजलेला, घोट्यापासून वर निळसर काळा पडलेला. तो एकटाच थडथड उडत होता आणि त्याबरोबर पट्टी हलत होती. माझ्या डावीकडून आला होता, तिसऱ्या जागेवरून. मी त्याच्यावरून नजर वर नेत नेत सरळ झालो. तिसऱ्या जागेवर नाना बसले होते. आमच्यातले सगळ्यांत वयस्कर, मोजकं बोलणारे. चेहरा शांत, मान झुकलेली, हातातली रेघ सुतासारखी सरळ चाललेली. खाली त्यांचा पाय मान कापलेल्या कोंबडीसारखा तडफडत होता आणि वर त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मी हळूच विचारलं, "नाना, पाय दुखतोय का?"

"कुठला पाय?" नानांनी रेघेवरून नजर काढली नाही.

"उजवा."

"उजवा तर माझ्या बुडाखाली घेतलाय." मग थोडं थांबून म्हणाले, "हल्ली तो माझा वाटतच नाही, भाऊसाहेब. दहा-बारा दिवस झाले."

मी त्यांचा हात धरून खाली बघायला लावलं. नानांनी बघितलं. आपल्या घरात अनोळखी माणूस झोपलेला दिसावा तसं बघितलं. पेन हातातून सुटलं, कापडावर शाईचा डाग पडला. त्यांचा चेहरा पांढरा झाला आणि ते एकदम उठायला गेले.

मी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे दाबून धरले. का ते मला माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, रघुनाथराव उठतात, हसतात, एक पाऊल टाकतात. "नाना, उठू नका," मी म्हणालो. "तुम्हाला तुमच्या नातवंडांची शपथ आहे, उठू नका." मग बाकीच्यांना "कलम वर" म्हटलं, आणि आबाला पाचव्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे पळवलं.

सहा जणांनी सहा नकाशे ओढून बाजूला टाकले. नानांना स्टुलावरून उचलून आम्ही त्या टेबलावरच आडवं केलं. ज्या टेबलाला कोणी कोपर लावायला भीत होतं ते सबंध टेबल करकरलं, हललं, शाईची बाटली उलटली.

डॉक्टर सायकलवरून आले. पाय बघितला, पोटरी दाबली, कधीपासून आहे ते विचारलं. मग मला व्हरांड्यात घेऊन गेले. त्यांनी समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. पायातलं रक्त वर चढतं ते पोटरी हलते म्हणून. पोटरी तासन् तास हललीच नाही, त्यात पोटात पाणी नाही, तर रक्त साचतं आणि शिरेत त्याची गुठळी होते. पाय सुजतो, बधिर होतो, झटके देतो. माणूस बसलेला असतो तोवर गुठळी बहुधा जागेवर असते. एकदम उठला, पाय टाकला, की कधी कधी ती सुटते आणि वर छातीत जाऊन बसते.

"मग?"

"मग पाणी आणेपर्यंत संपतं," डॉक्टर म्हणाले. त्यांना रघुनाथरावांबद्दल काही माहीत नव्हतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. हाताचंसुद्धा. त्या दिवसापर्यंत मी ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. विचारलं, "तीन वाजता हात वर केला तेव्हाच मी उठू दिलं असतं तर वाचले असते?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "त्या दिवशी तीनला उठले असते तर कदाचित तीनला गेले असते. सांगता येत नाही. पण त्याआधीची सगळी वर्षं रोज तासा-अर्ध्या तासाला उठत असते, तर हात वर करायची वेळच आली नसती."

यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नानांना खाटेवर आडवं घालून घरी नेलं. पाय उशीवर उंच, महिनाभर अंथरूण सोडायचं नाही, मग हळूहळू चालायचं. वाचतील का, यावर डॉक्टर पंधरा दिवस गेल्यावर विचारा म्हणाले. नेताना नानांनी माझा हात धरला. म्हणाले, "भाऊसाहेब, शेजारचं स्टूल रिकामं म्हणून रोज पाय जरा लांब करायचो. आज तुम्ही बसलात म्हणून आवरून घेतला, असंच वाटत होतं. हात वर करायची हिंमत नव्हती. टेबल हलतं हे खरंच ठाऊक नव्हतं." त्यांना वाटत होतं मी रागावलोय.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी बोलावलं. झाला प्रकार त्यांच्या कानावर आला होता.

"म्हणजे माणूस सापडला. नाव लिहून आणलंत?"

मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला.

"हे तुमचं नाव आहे."

"हो साहेब. टेबल मी हलवत होतो. नियम माझा आहे."

साहेबांनी विचारलं, तुमचं म्हणणं काय. मी सांगितलं, दर अर्ध्या तासाला मी न मागता "कलम वर" म्हणणार. सगळ्यांनी उठायचं, व्हरांड्याच्या पार त्या टोकाला माठ ठेवणार आहे तिथवर चालत जायचं, पाणी प्यायचं आणि परत यायचं. साहेब म्हणाले, अर्ध्या अर्ध्या तासाने सगळी रांग पाणवठ्यावर, हे ऑफिस आहे का गुरांचा गोठा. मी म्हटलं, गुरंसुद्धा दिवसभर एका दावणीला ठेवत नाहीत साहेब, दूध आटतं.

ते हसले नाहीत. कागद चार घड्या करून खिशात ठेवला. "नकाशे मे अखेर पाहिजेत. टेबल तुमचं, तुम्ही सांभाळा."

त्या दिवशी सकाळपासून मी सुरुवात करायला हवी होती. पण साहेबांकडून निघेपर्यंत दुपार झाली, मग कालचे डागाळलेले नकाशे बदलायचे होते, माठ यायचा होता. उद्यापासून करू, म्हणालो. बघा, एवढं होऊनसुद्धा माणूस उद्यापासून म्हणतो. सहा जण दोनला बसले. तिसरं आणि चौथं स्टूल रिकामं. मी माझ्या खुर्चीत. धुतलेली शाईची बाटली आबाने भरून सवयीने कालच्याच जागी ठेवली होती.

तीन वाजून काही मिनिटं झाली आणि शाईतला खिडकीचा चौकोन मोडला.

नाना तर त्यांच्या घरी खाटेवर होते, पाय उशीवर. मी उठून टेबलाखाली बघितलं, लाजलो नाही. तिसऱ्या-चौथ्या जागेखालच्या पट्टीवर काही नव्हतं. पट्टी मात्र हलत होती. बारा पाय त्या पट्टीवर होते, बाराही कमी-जास्त सुजलेले, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यातला कुठला उडत होता का, ते तेवढ्या अंधारात मला दिसलं नाही. वर आलो. सहाही माणसं पेन थांबवून माझ्याकडे बघत होती. त्यांना वाटत होतं, आता हा काय सांगतो.

मी "कलम वर" म्हणालो, कोणाचाही हात वर नसताना. सहा पेन उचलली गेली.

"उठा सगळे. सावकाश. आधी पाय हलवा, मग उठा."

ते एकेक करून उठले, टेबलाला धरून, म्हाताऱ्यांसारखे. मी चौथ्या स्टुलाकडे वळलो. साहेब आतून बघत असतील, लोक हसतील, असं मनात आलं. पण सहा महिने मी जे गिळत होतो ते आता गिळवेना.

"रघुनाथराव," मी म्हणालो, "चुकलं माझं. उठा."

कोणी हसलं नाही. आबा पुढे झाला आणि त्याने ते स्टूल मागे ओढलं, उठणाऱ्या माणसाला जागा करून द्यावी तसं. मग आम्ही सगळे ओळीने व्हरांड्यातून त्या टोकाला गेलो. माठ अजून यायचा होता, तिथे नुसती तिवई होती. तिथे पोचून, थोडं उभं राहून आम्ही परत आलो. शाई स्थिर होती. आबा हळूच म्हणाला, "बठ्ठा उठनात, तो बी उठना." सगळे उठले, तोही उठला.

त्यानंतरच्या एकाही नकाशात लाट आली नाही. मी रोज भिंग घेऊन तपासत असे. काम मे अखेरीच्या दोन दिवस आधी संपलं. नाना पावसाळ्यात काठी टेकत परत आले. पायात थोडा अधूपणा राहिला, पण "कलम वर" म्हटलं की सगळ्यांत आधी तेच उठायचे आणि माठाकडे सगळ्यांत पुढे असायचे. जळगावला मी पुन्हा एकदा जाऊन आलो आणि रघुनाथरावांच्या भावाला हाताचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. चहा पाजला, पण दारापर्यंत पोचवायला आला नाही. त्याचं बरोबरच होतं.

डॉक्टरांना शुक्रवारचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बारा पायांतला एखादा असेल, चालायला लागले, थांबला. तसं असेल. आबाचं म्हणणं वेगळं होतं. मी आयुष्यभर मोजमापाचं काम केलं आहे, त्यामुळे एवढंच सांगू शकतो की मी दोन्ही उपाय एकाच मिनिटाला केले, म्हणून त्यातला कुठला लागू पडला ते ठरवता येत नाही.

निवृत्त होईपर्यंत मी रोज तीन वाजता "कलम वर" म्हणायचो, सगळे उठायचे, आणि शेवटी चौथ्या स्टुलाकडे बघून "उठा, रघुनाथराव" म्हणायचो. दोन्हीपैकी एक बंद करून बघायची माझी कधी हिंमत झाली नाही.